पहिलं कातडं कोणतं घ्यावं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय बाई आणि सर, १९८४च्या दहावीच्या तुकड्यांमधले माझे मित्रमैत्रिणी, आणि तुमच्यासोबत नाइलाजाने आलेले नवरे, बायका आणि मुलं,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. भाषण जेवणाआधी आहे, तेव्हा आतड्यांबद्दल बोलायचं नाही. अट मान्य. माझा विषय कातड्याचा आहे.

आपल्या ग्रुपवर मला 'पेंढावाला' म्हणतात. राग नाही. आपल्या भाषेत 'पेंढा भरलेला वाघ' हाच शब्द रुजलाय. पण पेंढा भरायचे दिवस केव्हाच गेले. आज टॅक्सिडर्मीत प्राण्याचं शरीर फोमचं किंवा फायबरचं बनवतात, छोट्या पक्ष्याचं लाकडाच्या बारीक तासांचं सुतळीने गुंडाळून करतात. डोळे काचेचे, जीभ घडवलेली, पायांत तार. खरं असतं ते फक्त कातडं, त्यावरचे केस नाहीतर पिसं, चोच, नखं, शिंगं. बाकी सगळं आपण केलेलं. म्हणून कातडं निवडताना घोळ झाला, की पुढे कितीही कारागिरी करा, ती वाया जाते.

विषय मीच निवडला. गेल्या दीड वर्षात आपल्यापैकी तिघांनी मला फोन करून जवळपास एकच प्रश्न विचारला. मुलाला शिकायचंय, भाचीला शिकायचंय, कोणतं कातडं आणून देऊ? तिघांना तीनदा सांगितलं, आज सगळ्यांना एकदाच सांगतो.

माझी ओळख नव्याने करून द्यायला नको. गिरणीच्या संपात आपल्यापैकी अनेकांच्या घरी जे झालं तेच आमच्याकडे झालं आणि दहावीनंतर मी एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून चिकटलो. तिथल्या कपाटात जुने भरलेले पक्षी होते, त्यांची पिसं झडत होती. ते नीट करता करता मी शिकलो. शरीराचा आकार कसा घडवायचा हे मात्र लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात शिकलो. आपल्याच वर्गातला एक जण तिथे होता. हत्तीच्या सोंडेला वळण कुठून द्यायचं हे त्याला पुस्तकाशिवाय कळायचं.

आता मुद्द्यावर. नवशिक्याने कातड्याला पहिला प्रश्न विचारायचा तो दिसण्याचा नाही. प्रश्न हा, की तू आलास कुठून?

गेल्या मोसमात आपल्यापैकी एकाचा सकाळी सातला फोन. त्याचं नाव सांगत नाही, तो समोर बसलाय आणि आत्ता पाणी पितोय. त्याच्या मुलाला शिवडीच्या जेट्टीजवळ चिखलात मेलेला फ्लेमिंगो मिळाला होता. पक्षी ताजा, पंख धड, गुलाबी रंग शाबूत. मुलाने तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आणला होता. मित्र म्हणाला, "आपल्या शिवडीचा पक्षी आहे रे, भरून दे, हॉलमध्ये लावतो. आम्ही मारलेला नाही, आपोआप मेलाय."

आपण शाळेत होतो तेव्हा खाडीत फ्लेमिंगो बघितल्याचं मला तरी आठवत नाही. ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले ते १९९०नंतरच्या दशकात. आता हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ओहोटीला चिखल गुलाबी होतो, लांबून लोक बघायला येतात, आणि त्याच चिखलावरून २०२४च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. म्हणजे मित्राला वाटलेली माया मला समजत होती. तरी मी नाही म्हणालो.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक कलम आहे, एकोणचाळिसावं. संरक्षित वन्य प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता असतो. ज्याच्या हाती तो लागला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितला तर सुपूर्द करायचा. घरी ठेवता येत नाही, भरता येत नाही, भेट देता येत नाही. टॅक्सिडर्मीचा धंदा करायला त्याच कायद्याखाली परवाना लागतो. मी मित्राला वनखात्याचा १९२६ हा नंबर दिला. दुपारपर्यंत माणसं येऊन पक्षी घेऊन गेली.

मित्र चिडला. "मेलेल्याला कसला कायदा?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून त्याचं उत्तर इथे सगळ्यांसमोर देतो. भिंतीवर लावलेला फ्लेमिंगो आपोआप मेला की कोणी जाळ्यात धरून मारला, हे कातडं बघून ओळखता येत नाही. छिद्र शिवून टाकता येतं. ते शिवण्यातच माझं आयुष्य गेलंय, म्हणून खात्रीने सांगतो. मेलेल्या फ्लेमिंगोला हॉलमध्ये जागा मिळाली, की त्याला किंमत येते. किंमत आली, की कोणीतरी मेलेला मिळण्याची वाट बघत नाही. आणि पक्षी का मेला हे वनखात्याला कळावं लागतं. २०२४च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले, तेव्हा ते कशाने मेले हे सगळ्यांना दिसलं. चिखलात एकटा मेलेला पक्षी विषाने मेला, तारेने मेला की बर्ड फ्लूने, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तो मुलगा हातमोज्यांशिवाय त्याला उचलून घरी घेऊन आला होता.

कोणी म्हणेल, सलीम अलींनी नाही का पक्षी मारून अभ्यास केला? खेतवाडीत वाढलेल्या लहानग्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथे मिलर्डसाहेबांनी त्याला भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि पुढचा सगळा इतिहास घडला. ही गोष्ट १९०८च्या सुमाराची आहे. तेव्हा दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते, पक्षी ओळखायला तो हातात घ्यावा लागे. त्या कातड्यांवर आजही अभ्यास होतो. पण आजच्या मुलाने त्या गोष्टीतून बंदूक उचलायची नाही, कुतूहल उचलायचं.

वाघ-बिबट्यांचं काम कायदेशीर मार्गाने कसं होतं हे बघायचं असेल तर बोरिवलीला जा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९पासून वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र आहे. ते उभं केलं डॉ. संतोष गायकवाड यांनी, आपल्या शेजारच्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने. फोर्टच्या संग्रहालयातले भरलेले पक्षी बघून त्यांना ही ओढ लागली. सुरुवात पक्ष्यांपासून केली, वाघ-सिंह फार पुढे आले. तिथे येणारे प्राणी उद्यानांत आणि प्राणिसंग्रहालयांत मेलेले असतात आणि कागद आधी येतो, कातडं नंतर.

तर पहिला नियम झाला. रानात, खाडीत, झाडावर मोकळं फिरणारं काही नको. परदेशी पुस्तकांत पहिल्या पानावर 'खारीपासून सुरुवात करा' असं असतं. ते त्यांच्याकडे. आपण आपलं बघायचं. पूर्वी कावळा, उंदीर, वटवाघूळ यांना कायद्यात 'उपद्रवी' म्हणून वेगळं परिशिष्ट होतं, २०२२च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. म्हणजे 'कावळा तर चालतो ना?' हा सल्लाही जुना झाला. उंदराबद्दल तर मुंबईकराला सांगायला नको. आपल्याकडे लेप्टो दर पावसाळ्यात येतो.

दुसरा नियम. कोणाचा लाडका प्राणी पहिल्यांदा हातात घेऊ नका. तेरा-चौदा वर्षं सांभाळलेला कुत्रा गेला की माणूस रडत येतो आणि म्हणतो, याला असाच ठेव. 'असाच' म्हणजे कसा, हे फक्त त्याच्या डोळ्यांत असतं. तुम्ही पापणी अर्धा मिलिमीटर वर ओढलीत तरी तो म्हणणार, आमचा टॉमी असा बघत नव्हता. वर आखूड केसांच्या कुत्र्यात एकही टाका लपत नाही. पहिलं कातडं असं हवं, की बिघडलं तर कोणाचं मन मोडणार नाही. आणि शिकण्यासाठी जिवंत प्राणी विकत आणून मारायचा तर प्रश्नच नाही.

मग उरलं काय? मुंबईत भरपूर उरलं. जे प्राणी खाण्यासाठी कापले जातातच आणि ज्यांचं कातडं ड्रममध्ये जातं, ते सगळं आपलं.

पक्ष्यांत गावरान कोंबडा घ्या, तोही पूर्ण वाढलेला. ब्रॉयलर घेऊ नका. ब्रॉयलर काही आठवड्यांचं पिल्लू असतं, अंगाने मोठं झालेलं. त्याची पिसं अर्धवट, कातडीखाली चरबीचा थर, आणि ती चरबी पूर्ण खरवडली नाही तर महिन्याभराने पिसांवर तेल येतं. गावरान कोंबड्याची कातडी चिवट, शेपूट देखणं. कोंबडीवाल्याला आधी सांगून ठेवा, की गरम पाण्यात बुडवू नको, पिसांसकट सोलू नको, अख्खा दे. मानेवरचा काप सरळ असेल तर शिवता येतो. मांस वाया जात नाही, कातडं उतरवल्यावर पक्षी स्वच्छ असेल तर रस्साही होतो. मात्र पोल्ट्रीत आपोआप मेलेली कोंबडी फुकट मिळाली तरी नको, ती कशाने मेली ते तुम्हाला ठाऊक नाही.

कबुतर नको. ते गल्लोगल्ली आहे म्हणून सोपं वाटतं, पण त्याची कातडी ओल्या टिश्यू पेपरसारखी फाटते आणि पिसं मुठीने हातात येतात. बदक नंतर, चरबी फार. पांढरा ससाही नंतर. तो दिसतो गोजिरवाणा, पण कातडी इतकी पातळ की सुई घातली तिथून चीर जाते.

केसाळ प्राण्यांत माझं पहिलं मत बोकडाच्या मुंडक्याला. खाटकाला आदल्या दिवशी सांगावं लागतं. एक, मुंडी भाजायची नाही. आपल्याकडे ती भाजूनच विकतात आणि केस गेले की आपलं काम संपलं. दोन, मानेचं कातडं खांद्यापर्यंत लांब ठेवायचं. नवशिका आखूड मानेचं मुंडकं आणतो आणि मग फळीवर बसवताना खालून दोन बोटं उघडं राहतं. तीन, काळा, दाट केसांचा बोकड बघायचा, त्यात टाके लपतात. एका मुंडक्यात कान, पापणी, ओठ, नाकपुडी, शिंगाचं मूळ, सगळं येतं. इतकी शिकवणी इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

माशाचं कातडंही चालतं. भाऊचा धक्का जवळ आहे. जिताडा घ्या, कातडी जाड, खवले मोठे. पापलेट नको. पण एक लक्षात ठेवा, माशाचा रंग वाळल्यावर जातो आणि सगळा हाताने रंगवावा लागतो. ज्याला चित्रकलेत रस आहे त्यानेच माशाकडे जावं.

काही जण शॉर्टकट विचारतात. धारावीतून कमावलेलं कातडं आणलं तर? पर्स शिवायला उत्तम. पण चामड्यासाठी कमावलेलं कातडं सपाट ताणलेलं असतं, त्यात कान, ओठ, पापण्या उरलेल्या नसतात. चेहरा नसेल तर टॅक्सिडर्मी कसली?

आता कातडं हातात आल्यावर ते वाचायचं कसं. आधी नाक. रक्ताचा वास चालतो, कुजका गोड वास नाही. मग पोट. पोटाची कातडी हिरवट झाली असेल तर परत द्या. मग बोटं. पोटावर आणि कानाच्या मुळाशी चिमटीत चार केस धरून हलकेच ओढा. दोन-चार केस आले तर ठीक. पुंजका आला आणि खाली पातळ पापुद्रा सुटला, तर त्या कातड्याला सलाम करा आणि सोडा. केस सुटायला लागले की कोणतंही औषध ते परत बसवत नाही. पक्ष्यात पिसं मुळाशी बघा. नवीन उगवणाऱ्या पिसांच्या नळीत रक्त असतं, तो पिसं गाळतोय. असा पक्षी पूर्ण पिसारा आल्यावरच घ्यायचा. सरळ चीर शिवता येते, पण तुकडा गायब असेल तर तो कुठून आणणार?

आकाराचा नियम सोपा. जे चपलेच्या खोक्यात मावतं आणि एका संध्याकाळीत उतरवता येतं, ते पक्ष्यांसाठी. मुंडकं जरा मोठं, त्याला रविवार द्या.

मुंबईच्या दमट हवेत वेळ फार कमी असतो. प्राणी मेल्यापासून काही तासांत कातडं उतरवून, मांस-चरबी खरवडून त्याला मीठ लागलं पाहिजे. खडे नकोत, बारीक मीठ. जेवढं कातड्याचं वजन तेवढं मीठ, कानाकोपऱ्यात, ओठांच्या घड्यांत चोळून. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवीन लावायचं. लगेच जमणार नसेल तर हवा काढलेल्या पिशवीत फ्रीझरला, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं. आमच्या घरात एकच फ्रीझर होता आणि माझी बायको तीस वर्षं माझ्यासोबत राहिली, याची नोंद या स्मरणिकेत व्हावी. हातमोजे आणि मास्क यांवर वाद नको. कोरडं संरक्षण म्हणून टाकणखार वापरा.

टाकणखारावरून आठवलं. तुमच्यापैकी कोणाच्या कोकणातल्या घरी आजोबांच्या काळचं सांबराचं डोकं किंवा वाघाचं कातडं असेल. शिकाऊ मुलाला ते 'दुरुस्त करून बघ' म्हणून देऊ नका. जुने कारागीर कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण लावत. ते शंभर वर्षांनीही तिथेच असतं, झटकलं की धुळीत उडतं. आणि अशा वस्तूसाठी मालकीचं प्रमाणपत्र लागतं, ती विकता येत नाही. म्हैसूरला व्हॅन इंजेन नावाचं घराणं शिकाऱ्यांसाठी हजारोंनी वाघ-बिबटे भरायचं. शिकारबंदी आली, गिऱ्हाईक आटलं आणि १९९९मध्ये तो कारखाना बंद झाला. त्यांचा हात अप्रतिम होता. पण वाघ संपवून आलेलं कातडं कितीही सुंदर भरलं तरी रानात वाघ कमीच झालेला असतो.

शेवटची गोष्ट आपल्या बाईंची. आठवीत बाईंनी आपल्याकडून पानांचा संग्रह करून घेतला होता. आठवतंय? पान चिकटवलं आणि खाली 'कुठे मिळालं, कधी मिळालं' लिहिलं नाही, की बाई त्यावर लाल फुली मारायच्या. "हे पान नाही, कचरा आहे" म्हणायच्या. संग्रहालयात पक्ष्याच्या पायाला जी चिठ्ठी बांधलेली असते तिच्यावर हेच दोन प्रश्न असतात. चिठ्ठी हरवली तर अभ्यासासाठी पक्षी गेलाच. शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी चिठ्ठी लिहायला लावतो, बोकडाचं मुंडकं असलं तरी. दुकान कोणतं, दिवस कोणता, मीठ कधी लावलं. ज्या कातड्याची चिठ्ठी सरळ लिहिता येत नाही, लिहिताना हात अडखळतो, ते कातडं घ्यायचं नाही. मुलाला दहा नियम लक्षात राहत नाहीत, हा एक राहतो.

फ्लेमिंगो आणणाऱ्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगून बसतो. तो पक्षी गेल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "काका, मग दुसरं काय?" आम्ही दोघं खाटकाकडे गेलो. मुंडकं पूर्ण व्हायला त्याला सात रविवार लागले. डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली आहे आणि त्याच्या आईने ते हॉलमध्ये लावू दिलेलं नाही. ते गॅलरीत आहे, मागे चिठ्ठी चिकटवलेली आहे. ओहोटीच्या वेळी तो मुलगा आता दुर्बीण घेऊन जेट्टीवर उभा असतो आणि मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता फोन करतो.

ज्यांच्या घरी असं एखादं मूल असेल त्यांनी ते माझ्याकडे रविवारी पाठवावं. कातडं मी बघून घेईन, जुना टेबलक्लॉथ आणि डबा तुम्ही द्या.

बाई, सर, तुम्ही इतका वेळ ऐकलंत. जेवण तयार आहे असं दिसतंय. मटण आहे म्हणे. मुंडीची चौकशी मी आधीच करून ठेवली आहे.